तापात काढलेला रिपोर्ट आणि घरभर वाटलेल्या कॅप्सूल

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार. पाच महिन्यांपूर्वी मला लागोपाठ तीनदा सर्दी-ताप झाला. तिसऱ्या खेपेला अंगात ताप असतानाच रक्त तपासलं. बाकी सगळं ठीक होतं, पण व्हिटॅमिन डी १४ आलं आणि त्यापुढे लाल अक्षरांत 'कमी' असा शेरा. माझे धाकटे दीर आरोग्याविषयी बरंच वाचत असतात. ते म्हणाले, "वहिनी, मूळ दुखणं इथंच आहे. डी भरलं की व्हायरस घरात पाऊल टाकणार नाही." त्यांनीच ६०,००० युनिटच्या कॅप्सूल आणून दिल्या. तेव्हापासून दर रविवारी घरातला प्रत्येक जण एक घेतो: मी, माझे मिस्टर, सात वर्षांची मुलगी आणि ७८ वर्षांचे सासरे. चार महिने होत आले. तरीही मागच्या आठवड्यात मी आणि मुलगी दोघी पुन्हा तापानं झोपलो. मुलीला तर या वर्षात सातव्यांदा सर्दी झाली. दीर म्हणतात, डोस कमी पडतोय. ताप येतोय असं वाटलं की दोन-तीन कॅप्सूल एकदम घ्यायच्या. सासऱ्यांना रक्तदाबाची गोळी आणि रोजची कॅल्शियमची गोळी आहे. त्यांचं पोट हल्ली साफ होत नाही, आणि रात्री पाणी प्यायला नि लघवीला सारखं उठावं लागतं, पण ते वयामुळे असेल. मला एवढंच सांगा: डी खरंच व्हायरसपासून वाचवतं का? आणि आमचा डोस कमी आहे का?

उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही 'वयामुळे असेल' म्हणून सोडून दिलंत. त्यामुळे आधी सासऱ्यांविषयी बोलू. व्हायरसचं नंतर बघू.

पोट साफ न होणं, तहान लागणं, रात्री सारखं लघवीला उठणं, याला ७८ व्या वर्षी दहा कारणं असू शकतात. साखर असेल, प्रोस्टेट असेल. पण ज्यांना चार महिने दर आठवड्याला ६०,००० युनिट डी आणि वर रोज कॅल्शियमची गोळी दिली जातेय, त्यांच्या बाबतीत पहिली शंका रक्तातलं कॅल्शियम वाढल्याची घ्यायची. व्हिटॅमिन डीचं मूळ कामच आतड्यातून कॅल्शियम शोषून घेण्याचं. ते प्रमाणाबाहेर गेलं की कॅल्शियम रक्तात साचतं. मग मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून लघवी वाढते, म्हणून तहान वाढते. आतड्यांची हालचाल मंदावते, म्हणून पोट अडतं. त्यापुढे भूक जाते, मळमळतं, अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटतं, म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यात गोंधळ व्हायला लागतो. मुतखडा होतो, मूत्रपिंडांना इजा होते. रक्तदाबाची गोळी नेमकी कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही. थायाझाइड गटातली, म्हणजे लघवी वाढवणारी असेल, तर ती कॅल्शियम लघवीवाटे पुरेसं बाहेर पडू देत नाही. तसं असेल तर माझी शंका आणखी पक्की होते.

तेव्हा सासऱ्यांची कॅप्सूल आणि कॅल्शियमची गोळी दोन्ही आजच थांबवा. रक्तदाबाची गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका. उद्याच्या उद्या त्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि जाताना घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, कॅप्सूलचंसुद्धा. हे मुद्दाम सांगते, कारण "काय काय औषधं चालू आहेत?" असं विचारलं की लोक रक्तदाबाची गोळी सांगतात, मधुमेहाची सांगतात, व्हिटॅमिन हे औषध आहे असं कुणाच्या मनातच येत नाही. रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं), साखर आणि डीची पातळी बघायला सांगा. मधल्या वेळात ते असंबद्ध बोलू लागले, उलट्या सुरू झाल्या किंवा गुंगीत वाटले, तर सकाळची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा.

"कॅप्सूल बंद केल्या ना, मग तपासणी कशाला?" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं. रिपोर्टमध्ये मोजतात ते रूप निम्म्यावर यायलाच दोन-तीन आठवडे लागतात, आणि साठा मोठा असेल तर त्याहून बरेच जास्त. आज थांबवलेल्या कॅप्सूलचा परिणाम महिनाभरानंतरही रक्तात दिसू शकतो.

आता डोस कमी आहे का, या प्रश्नाकडे वळते. ६०,००० भागिले ७ करा: दिवसाला साधारण ८,५७० युनिट. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २०१० च्या अखेरीस जे आकडे ठरवले, ते आजही बऱ्याच ठिकाणी प्रमाण धरले जातात. त्यानुसार ७० वर्षांपर्यंतच्या माणसाला रोज ६०० युनिट पुरतात, त्यापुढच्या वयाला ८००. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ओलांडू नये अशी वरची मर्यादा मोठ्यांसाठी रोज ४,००० आहे. म्हणजे तुम्ही दोघं आणि सासरे त्या मर्यादेच्या दुपटीवर आहात. मुलीच्या वयाला ती मर्यादा ३,००० ची आहे, म्हणजे ती जवळजवळ तिप्पट घेतेय. डोस कमी नाही, ताई. मुलीचीही कॅप्सूल आजच बंद करा आणि याच आठवड्यात तिला बालरोगतज्ज्ञांना दाखवून तिच्या रक्तातल्या कॅल्शियमविषयी विचारा. घाबरून जाऊ नका. एवढ्यानं प्रत्येक मुलाला विषबाधा होतेच असं नाही. पण ते नशिबावर सोडायचं नाही.

दिरांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर घरी त्यांना उगीच बोलणी बसतील. ५०-६० हजार युनिटची आठवड्याची कॅप्सूल हा काही भोंदू उपाय नाही. डी खरोखरच खूप कमी असेल तर डॉक्टर अशा कॅप्सूल सहा ते आठ आठवडे देतात आणि मग रोजच्या लहान डोसवर आणतात. चूक दोन ठिकाणी झाली. कोर्सला शेवट ठेवला नाही, आणि एका माणसाच्या रिपोर्टवर चौघांना औषध दिलं गेलं.

आणि तो एक रिपोर्टसुद्धा चुकीच्या दिवशी काढलेला. अंगात ताप असतो, दाह चालू असतो, तेव्हा रक्तातली डीची पातळी आपोआप खाली येते. गुडघेबदलाच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर लगेच रक्त तपासून हे पाहिलेलं आहे: आजार तोच, माणूस तोच, पण शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांत आकडा ठळकपणे घसरलेला. त्यामुळे तापात आलेलं १४ हे एरवी १४ च असेल असं नाही. तुमचा आकडा खराच कमी असण्याची शक्यता आहेच, ती मी नाकारत नाही. पण 'डी कमी म्हणून ताप आला' आणि 'ताप आला म्हणून डी कमी दिसलं' या दोन्ही गोष्टी एका कागदावर अगदी सारख्याच दिसतात.

ही उलटापालट फक्त तुमच्या घरात झाली असं समजू नका. कोविडच्या काळात सगळ्या जगानं हाच गोंधळ मोठ्या प्रमाणावर घातला. हॉस्पिटलात भरती झालेल्यांचं डी मोजलं, ते कमी निघालं, जास्त आजारी माणसाचं जास्त कमी निघालं, आणि बातमी झाली की डीच्या कमतरतेमुळे कोविड गंभीर होतो. आता डी कमी कुणाचं असतं ते बघा. वय झालेल्यांचं, वजन जास्त असलेल्यांचं, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांचं, अंथरुणाला खिळून असलेल्यांचं, घराबाहेर न पडणाऱ्यांचं. ही सगळी माणसं कोविडनं जास्त आजारी पडणारीच होती. डी तिथं गुन्हेगार होतं की नुसतं घटनास्थळी हजर होतं, हे अशा मोजणीतून कळत नाही. ते कळायला एकच रस्ता आहे: चिठ्ठ्या टाकून लोकांचे दोन गट करायचे, एकाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि मग कोण किती आजारी पडतं ते मोजायचं.

त्याचे निकाल सांगते, पण आधी हा विश्वास आला कुठून तेही सांगायला हवं, कारण तो हवेतून आलेला नाही. आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या आत डीला बसण्याची जागा असते, रिसेप्टर. इतकंच नाही, तर मॅक्रोफेज नावाच्या, जंतू गिळणाऱ्या पेशी डीचं साधं रूप घेऊन त्याचं कामाचं रूप स्वतःच तयार करतात. २००६ साली लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी क्षयाच्या जंतूवर काम करताना दाखवलं की जंतू आल्याची चाहूल लागली की या पेशी डी वापरून कॅथेलिसिडिन नावाचं जंतुनाशक प्रथिन बनवतात. ज्या रक्तद्रवात डी कमी, त्यात हे प्रथिन नीट बनेना. वरून डी घातलं की बनू लागलं. फार सुंदर प्रयोग आहे. हेच कॅथेलिसिडिन काचेच्या बशीत फ्लूच्या व्हायरसलाही आवरतं, हे पुढे दिसलं. डी आणखी एक काम करतं, आणि ते मला जास्त मोलाचं वाटतं: व्हायरसशी लढताना आपल्याच पेशींचा जो अतिरेक होतो, तो थोडा आवरतं. म्हणजे 'इम्युनिटी बूस्ट' ही भाषा इथं अर्धीच लागू पडते. एक हात शस्त्र पुढे करतो, दुसरा लगाम खेचतो.

एक गंमत जाता जाता. कॅथेलिसिडिनला जागं करणारी डीची ही कळ माणसात आणि इतर प्राइमेट, म्हणजे माकड-वानरांच्या गटातल्या, प्राण्यांत आहे, उंदरात नाही. त्यामुळे उंदरावरच्या प्रयोगाचा दाखला देऊन कुणी डीची महती सांगू लागलं, तर निदान या मुद्द्यापुरतं मनावर घेऊ नका.

बशीतल्या पेशीपासून सर्दी झालेल्या माणसापर्यंतचा रस्ता लांबचा असतो. तो कसा निघाला याची उत्तम गोष्ट मंगोलियातली आहे. तिथला हिवाळा इतका कडक आणि लांब, की मुलांचं डी तळाला गेलेलं असतं. २०१२ मध्ये उलानबाटरमधल्या २४७ शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांची सुरुवातीची पातळी साधारण ७ नॅनोग्रॅम होती, तुमच्या निम्मी. काही मुलांना रोजच्या दुधातून ३०० युनिट डी दिलं, काहींना साधं दूध. हिवाळ्याअखेर पालकांनी सांगितलेल्या सर्दी-खोकल्याच्या खेपा डी मिळालेल्या मुलांत जवळजवळ निम्म्या होत्या. डीच्या बाजूनं बोलणारे लोक हा अभ्यास हमखास पुढे करतात, आणि का नाही करणार? मग त्याच देशात, तशीच कमतरता असलेल्या ८,८५१ शाळकरी मुलांवर मोठी चाचणी झाली. आठवड्याला १४,००० युनिट, तीन वर्षं. २०२० साली निकाल आला: क्षयाच्या संसर्गात फरक नाही, आणि श्वसनमार्गाच्या संसर्गासाठी हॉस्पिटलात भरती होण्यातही फरक नाही. मुलांचं डी मात्र छान वाढलं होतं.

जगभरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हाही हेच घडत गेलं. २०१७ साली २५ चाचण्यांतल्या सुमारे ११,००० लोकांची माहिती जोडली, तर डी घेणाऱ्यांत श्वसनाच्या संसर्गाची शक्यता १२ टक्क्यांनी कमी दिसली. ज्यांची पातळी १० नॅनोग्रॅमच्या खाली होती आणि ज्यांनी रोज किंवा आठवड्याला लहान डोस घेतला, त्यांना फायदा बराच जास्त झाला. एकदम मोठा डोस घेणाऱ्यांना काहीच नाही. २०२१ मध्ये आणखी चाचण्या धरल्या, फायदा ८ टक्क्यांवर आला. २०२५ मध्ये ६४,००० लोकांचा हिशेब झाला, तेव्हा तो ६ टक्क्यांवर आला आणि योगायोगापासून नक्की वेगळा काढता येईना. जसजशी माहिती वाढली, तसतसा फायदा आक्रसत गेला. खऱ्या, दणदणीत परिणामाचं सहसा असं होत नाही.

कोविडपुरतं बघायचं तर २०२२ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकाच वेळी आले. ब्रिटनमध्ये ६,२०० लोकांपैकी निम्म्यांना डी तपासून देऊ केलं आणि ज्यांचं कमी निघालं त्यांना सहा महिने रोज ८०० किंवा ३,२०० युनिट दिलं. नॉर्वेत सुमारे ३४,००० लोकांना अख्खा हिवाळा रोज चमचाभर कॉड माशाच्या यकृताचं तेल किंवा त्यासारखं दुसरं तेल दिलं. दोन्हीकडे कोविड टळला नाही, सर्दी-खोकलाही टळला नाही. यातल्या बऱ्याच लोकांचं डी मुळात फार कमी नव्हतं, हा आक्षेप घेता येतो आणि तो रास्त आहे. पण मंगोलियातल्या मोठ्या चाचणीला तो लागू पडत नाही, कारण तिथं जवळजवळ सगळ्याच मुलांचं कमी होतं.

मग माझं मत काय? कमतरता असेल तर ती भरायचीच. पण हाडांसाठी, स्नायूंसाठी, लहान मुलांत मुडदूस होऊ नये म्हणून. व्हायरसच्या बाबतीत, ज्यांचं डी अगदी तळाला आहे त्यांना थोडाफार उपयोग होत असेल, अशी आशा ठेवायला जागा आहे. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनंही, म्हणजे हार्मोनच्या आजारांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या संघटनेनंही, २०२४ च्या मार्गदर्शिकेत १ ते १८ वर्षांच्या मुलांना सरसकट थोडं डी द्यायला सुचवताना मुडदुसाच्या जोडीला श्वसनाच्या संसर्गाचं कारण दिलं आहे, पण 'कदाचित' अशा सुरात. ज्यांचं डी पुरेसं आहे त्यांनी आणखी ओतून काही हाती लागत नाही. दिव्यात तेल नसेल तर वात जळत नाही, पण तेल काठोकाठ भरलं म्हणून ज्योत दुप्पट होत नाही.

ताप येतोसं वाटताच दोन-तीन कॅप्सूल एकदम घेण्याचा बेत तर पूर्ण सोडून द्या. ब्राझीलमध्ये कोविडनं हॉस्पिटलात असलेल्या २४० रुग्णांवर हे करून पाहिलं. निम्म्यांना एकाच वेळी २ लाख युनिट दिले. रक्तातली पातळी भराभर चढली, पण घरी जाण्याची तारीख एका दिवसानेही अलीकडे आली नाही. मोठ्या डोसाचा आणखी वाईट अनुभव ऑस्ट्रेलियातला आहे. तिथं वयस्कर स्त्रियांना हाडं मोडू नयेत म्हणून वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिले होते. २०१० मध्ये निकाल लागला, तर त्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडं जास्त मोडली. का, याचा एक अंदाज असा: शरीरावर एकदम डीचा लोंढा आला की ते मोडीत काढणारी यंत्रणा जोरात सुरू होते आणि नंतर बराच काळ चालू राहते. रोजच्या लहान डोसानं असं होत नाही.

आता तुमच्यापुरतं. तुमची आणि मिस्टरांची कॅप्सूलही थांबवा. तुमच्या डॉक्टरांशी बोलून, तब्येत ठणठणीत असताना, ताप जाऊन तीन-चार आठवडे झाल्यावर तुमचं डी आणि कॅल्शियम पुन्हा तपासा. रिपोर्ट हातात आला की लाल रंगाकडे न बघता आकड्याकडे बघा. बऱ्याच लॅब ३० च्या खाली सगळंच 'कमी' म्हणून छापतात. हाडांच्या दृष्टीनं बहुतेकांना २० पुरतं, आणि १२ च्या खाली खरी कमतरता. काही रिपोर्ट नॅनोमोल या एककात असतात, तिथं आकडा अडीचपट दिसतो. २० चे ५० होतात, म्हणून एकक वाचल्याशिवाय कुणाच्या आकड्याशी तुलना करू नका. चार महिन्यांच्या कॅप्सूलनंतर तुमचा आकडा बराच वर असेल असा माझा कयास आहे. तो उतरल्यावर रोज ६०० ते ८०० युनिटची साधी गोळी चालू ठेवायची की तीही नको, हे डॉक्टर ठरवतील. घ्यायची झालीच तर डी३ घ्या, जेवणाबरोबर घ्या. मिस्टर धडधाकट असतील, हाडांचं काही दुखणं नसेल, तर पुढे दर वर्षी डी तपासत बसायची गरज नाही. त्याच २०२४ च्या मार्गदर्शिकेनं निरोगी लोकांत सरसकट तपासणी नको असंच म्हटलंय.

ऊन घ्यायचं असेल तर त्याविषयीचा एक लाडका गैरसमज दूर करते. डी बनवणारे अतिनील-बी किरण कोवळ्या उन्हात जवळजवळ नसतात. सूर्य खाली असला की ते वातावरणातच गाळले जातात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते, तेव्हाचं ऊन डीच्या कामाचं. काचेच्या खिडकीतून येणारं ऊब देतं, डी देत नाही, कारण काच ते किरण अडवते. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो. हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ पुरे. कातडी लालबुंद होईपर्यंत बसण्यात नुकसानच आहे. उन्हाची एक गोष्ट मात्र मला फार आवडते: त्यानं डीचा अतिरेक होत नाही. गरजेपुरतं बनलं की पुढच्या उन्हात त्वचा त्याच कच्च्या मालाची निरुपयोगी रूपं बनवून टाकते. कॅप्सूलला ही अक्कल नाही.

मुलीच्या सात सर्दींविषयी सांगायचं, तर शाळेत जाणाऱ्या लहान मुलाला वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणं हे नेहमीचंच आहे. सर्दी करणारे व्हायरस दोनशेहून जास्त आहेत आणि तिची त्यांच्याशी एकेक करून ओळख होतेय. ती ते घरी आणते आणि तुम्हाला देते. तुमच्या लागोपाठच्या तापांचं याहून गूढ कारण असेलच असं नाही. तिचं वजन वाढत नसेल, पुनःपुन्हा न्यूमोनिया होत असेल, कान वाहत असेल, किंवा दोन सर्दींच्या मधल्या काळातही ती मरगळलेली असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना ते आवर्जून सांगा. तेव्हा शोध डीच्या पलीकडे घ्यावा लागतो.

आणि दिरांना खरंच घरात व्हायरस कमी यायला हवा असेल, तर त्यांना एक काम द्या: सासऱ्यांना फ्लूची लस दिलीय का, ते बघायचं आणि नसेल तर डॉक्टरांना विचारून द्यायची. ती दर वर्षी घ्यावी लागते. बाहेरून आल्यावर हात साबणानं धुणं, सर्दी झालेल्या माणसानं आजोबांच्या खोलीत न जाणं, खिडक्या उघड्या ठेवणं, या गोष्टींना लाल अक्षरांतला रिपोर्ट मिळत नाही, म्हणून त्या कुणाला उपाय वाटत नाहीत.

उरलेल्या कॅप्सूल शेजारीपाजारी वाटू नका, आणि मुलीच्या हाती लागतील अशा जागी तर मुळीच ठेवू नका. सासऱ्यांच्या डॉक्टरांना दाखवून झाल्या की औषधाच्या दुकानात परत घेतात का विचारा. सासऱ्यांचा कॅल्शियमचा आकडा आला की मला कळवा.